गुळगुळीत झालेली फळी डुगडुगते का: खडबडीत सागवान रंधून सपाट करण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद जेवणाच्या टेबलासाठी सॉ मिलमधून सागवानाच्या चार फळ्या आणल्या आहेत. प्रत्येक फळी सात फूट लांब, आठ इंच रुंद आणि चिरताना दीड इंच जाड होती. मिलमध्येच त्या थिकनेस मशीनमधून (जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनमधून, म्हणजे थिकनेसरमधून) काढून घेतल्यामुळे दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या आणि जाडी सर्वत्र सारखी, म्हणजे ११ सूत भरली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तरीही फरशीवर ठेवल्यावर प्रत्येक फळी डुगडुगते आणि एक कोपरा तीन सूत वर राहतो. टेबलाचा तक्ता सव्वा इंची हवा आहे. हाताशी १४ इंची लोखंडी जॅक प्लेन (मध्यम लांबीचा हातरंधा), विजेवर चालणारा हाती रंधा आणि काटकोन तपासायचा एक गुण्या एवढीच साधने आहेत. मशीनमधून काढूनही फळी सपाट का झाली नाही, आणि आता पुढे काय करावे?

मशीनमध्ये बिघाड नाही आणि मिलमधल्या कारागिराचाही दोष नाही. फळी ज्या कामासाठी त्या मशीनमध्ये घातली गेली ते काम त्या मशीनचे नव्हेच. थिकनेसरमध्ये खाली सपाट टेबल असते, वर फिरणारी पाती असतात आणि पात्यांच्या पुढे-मागे फळीला टेबलावर दाबून ओढणारे रोलर असतात. पातळ किंवा लवचिक फळी रोलरखाली दबून तेवढ्यापुरती सपाट होते, पाती वरचा थर काढतात, आणि बाहेर पडताच फळी आपल्या मूळ पिळात, म्हणजे एक कोपरा वर उचलणाऱ्या वाकडेपणात, परत जाते. दीड इंची सागवान इतके दबत नाही हे खरे. पण जेथे ते दबत नाही तेथेही वरची बाजू खालच्या वाकड्या बाजूला समांतर अशीच कापली जाते. म्हणजे पिळाची हुबेहूब नक्कल वर उतरते, जाडी एकसारखी होते, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि पीळ जसाच्या तसा राहतो. थिकनेसरला खालून एक सपाट बाजू आधी मिळावी लागते, आणि ती बाजू अन्य साधनाने तयार करावी लागते. म्हणूनच कामाचा क्रम ठरलेला आहे: प्रथम एक रुंद बाजू सपाट, मग तिच्याशी गुण्यात एक कड, त्यानंतर जाडी, मग रुंदी, आणि टोके सर्वांत शेवटी. या क्रमातली पहिली बाजू हेच खरे काम असून अर्ध्याहून अधिक वेळ तिलाच जातो, आणि जावा.

रंधा हाती घेण्यापूर्वी हिशेब करावा, कारण तुमच्याकडे लाकूड फारसे शिल्लक नाही. तुमच्या फळीची जाडी ११ सूत, म्हणजे सुमारे ३५ मिमी. सव्वा इंच म्हणजे १० सूत. तीन कोपरे फरशीला टेकवून चौथा तीन सूत उचललेला ठेवला आणि त्याच अवस्थेत खालची बाजू फरशीशी समांतर करायची ठरवले, तर दोन्ही बाजू सपाट होईपर्यंत जाडीतून पूर्ण तीन सूत जातात आणि आठच सूत उरतात. परंतु तीच फळी अशी ठेवली की कर्णावरचे दोन समोरासमोरचे कोपरे टेकलेले आणि उरलेले दोन्ही कोपरे सारखेच, प्रत्येकी दीड दीड सूत वर, तर दोन्ही बाजू मिळून जाडीतून दीडच सूत जाते. एकाच फळीतला एकच पीळ, पण ठेवण्याच्या पद्धतीने नुकसान निम्मे होते. त्यामुळे उचललेल्या दोन्ही कोपऱ्यांखाली सारख्या जाडीच्या पातळ पाचरी सारून फळी स्थिर करणे ही या कामातील सर्वांत फायद्याची पाच मिनिटे समजावीत.

दुसरा फायदा करवतीतून मिळतो. पीळ लांबीबरोबर वाढत जातो. सात फुटांत तीन सूत असेल आणि तो सर्वत्र सारखा पसरलेला असेल, तर सव्वापाच फुटांच्या तुकड्यात तो सव्वादोन सूत एवढाच उरतो आणि वरच्या रीतीने ठेवल्यास जाडीतून सव्वा सुतापेक्षाही कमी जाते. म्हणून पूर्ण लांबीची फळी सपाट करण्याचा मोह टाळावा आणि आधी ती कामाच्या मापापेक्षा दोन-तीन इंच लांब ठेवून कापावी. सात फुटी फळीतले कोणते सव्वापाच फूट घ्यायचे हेही ठरवता येते. पीळ बहुधा एका टोकाला, गाठीजवळ किंवा बुंध्याकडच्या भागात अधिक असतो, आणि तोच भाग कापून टाकला तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. रुंदीचेही तसेच आहे. आठ इंची फळी मधोमध चिरून चार-चार इंचांच्या दोन पट्ट्या केल्या तर प्रत्येक पट्टीतला पीळ निम्मा होतो. तक्त्यात सांधे वाढतात आणि लाकडाच्या रेषांची जुळणी बिघडते, म्हणून मी स्वतः फार वाकडी फळी असल्याशिवाय हा मार्ग घेत नाही, पण तो आहे हे लक्षात असू द्यावे. एवढे करूनही तुमच्या फळ्यांतून सव्वा इंच निघेल याची खात्री नाही. सपाट झाल्यावर जेमतेम ३१ मिमी उरेल आणि शेवटच्या हलक्या हातांसाठी एखादा मिमी राखायला हवा. सव्वा इंचाचा हट्ट सोडून ३० मिमी तक्ता धरावा. पाच फुटी टेबलाला ३० मिमी सागवान पुरेसे भक्कम असते आणि दीड-दोन मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

आता लाकडातील ओलाव्याकडे वळू. या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढचे सगळे श्रम वाया जातात. लाकूड आसपासच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, जशी कोकणात पावसाळ्यात असते, तर लाकूड १७ ते १८ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. ५० टक्के आर्द्रतेत ते ९ टक्क्यांच्या आसपास येते. आणि विदर्भातील मे महिन्याच्या २५ टक्के आर्द्रतेत ५-६ टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. पीळ आणि रुंदीतली पन्हळ (एक बाजू खोलगट, दुसरी फुगीर होणे) यांचे मूळ या असमानतेत आहे. सागवान त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचे लाकूड आहे, तरीही वलये रुंदीला समांतर असलेली २०० मिमी रुंद फळी १६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येताना सुमारे ३ मिमी आकसते. अशी ओलसर फळी आज कितीही अचूक सपाट केली तरी महिनाभराने ती पुन्हा आपला आकार बदलणार.

फळी कोरडी आहे की नाही हे वखारवाल्याच्या शब्दावर ठरवू नये. पिनांचे ओलावामापक यंत्र असल्यास फळीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर टोकापासून फूटभर आत नुकत्याच कापलेल्या छेदाच्या मधोमध पिना टोचाव्यात, कारण बाहेरचा थर कोरडा आणि आतला गाभा ओला अशी स्थिती नेहमीची आहे. यंत्र नसेल तर फळीतून कापलेला एक तुकडा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोलावा. वजन कमी होणे थांबले की त्या खोलीच्या हवेपुरते लाकूड वाळले असे समजावे. घरातील फर्निचरासाठी १० ते १२ टक्के ओलावा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ठीक असतो, मात्र टेबल सतत वातानुकूलित खोलीत राहणार असेल तर त्याहून एखाद-दोन टक्के खाली यावे. फळ्या कापून झाल्यावर त्या जेथे टेबल राहणार आहे त्या खोलीत किंवा तशाच हवेच्या जागेत थप्पी लावून ठेवाव्यात. दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या आडव्या घालाव्यात, त्या एकावर एक एकाच ओळीत याव्यात, आणि वर वजन ठेवावे. पावसाळ्यात कोकणात तयार केलेला तक्ता नागपूरला न्यायचा असेल तर हा थांबा टाळता येणारच नाही.

लाकूड कोठून आले आहे यावरही त्याचे वागणे ठरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील, बाजारात सीपी टीक म्हणून ओळखले जाणारे सागवान जाड, जुन्या ओंडक्यांतून चिरलेले असेल तर ते शांत असते. घाना, इक्वाडोर किंवा ब्राझीलमधील लागवडीतून येणारे बरेचसे लाकूड कमी वयाच्या, कमी घेराच्या झाडांचे असते. त्यात सालीलगतच्या पांढऱ्या रसकाष्ठाचे प्रमाण अधिक आणि ओंडक्याचा मध्यबिंदू फळीच्या अगदी जवळ किंवा फळीतच आलेला असतो. मध्यबिंदूच्या भोवतीचे तरुण लाकूड लांबीतही आकसते आणि पीळ, बाक, चिरा हे सगळे तेथून सुरू होते. तुमच्या चार फळ्यांपैकी ज्या फळीच्या टोकावर वलयांचे केंद्र दिसत असेल ती सपाट करण्यात वेळ घालवू नये. केंद्राचा भाग चिरून वेगळा काढावा आणि उरलेल्या दोन पट्ट्या वापराव्यात.

टोकावरची वलये वाचली की पन्हळ कोणत्या बाजूला येणार हेही आधी कळते. वाळताना वलये जणू सरळ होऊ पाहतात, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट आणि गाभ्याकडची बाजू फुगीर होते. हाताने रंधताना मी फळी खोलगट बाजू खाली करून, दोन कडांवर टेकवून, फुगीर बाजूपासून सुरुवात करतो. अशा वेळी मधल्या भागाखाली पोकळी असते आणि रंध्याच्या दाबाने फळी लवते. रंधा पुढे गेला की ती उसळून परत वर येते आणि काढलेला भाग पुन्हा उंच ठरतो. म्हणून पाचरी केवळ कोपऱ्यांखाली नव्हे, तर मध्येही जेथे पोकळी असेल तेथे, फळी न उचलता नुसती टेकेल इतक्याच, सारून ठेवाव्यात. ही पोकळी न भरल्यामुळे तासन् तास रंधा मारूनही सपाटी येत नाही आणि रंध्याला दोष दिला जातो, असे पुष्कळदा पाहण्यात येते.

पीळ मोजण्यासाठी दोन सरळ पट्ट्या लागतात. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचे दोन फुटी दोन तुकडे उत्तम. एक पट्टी फळीच्या जवळच्या टोकावर आडवी, दुसरी दूरच्या टोकावर आडवी ठेवावी, खाली वाकून एका पट्टीच्या वरच्या कडेवरून दुसरीची वरची कड पाहावी. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक बाजू वर झुकलेली दिसली तर त्या बाजूचा कोपरा उंच आहे. पट्ट्या फळीच्या रुंदीपेक्षा लांब असण्याचे कारण असे की आठ इंची फळीवर दोन फुटी पट्टी ठेवली म्हणजे चूक तिप्पट मोठी दिसते. मधल्या भागाची तपासणी लांब पाइपाने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर करावी. हा पाइप स्वतः सरळ आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या कडेने कागदावर किंवा प्लायवर रेघ ओढावी, पाइप कुशीवर पालटून तीच कड त्याच रेघेला लावावी आणि दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर पाइप सरळ आहे. उंच भाग पेन्सिलीने रेघोट्या मारून भरून टाकावेत म्हणजे काय गेले आणि काय उरले हे प्रत्येक फेरीत दिसत राहते.

तुमचा जॅक प्लेन १४ इंची आहे आणि त्याच्या पात्याला दोन अवस्थांत वापरणे आवश्यक आहे. उंच भाग काढण्यासाठी पात्याची धार किंचित कमानदार असावी, म्हणजे दोन्ही कोपरे मागे घेतलेले आणि मध्य पुढे. अशी धार खोल चावा घेते आणि कोपरे लाकडात रुतत नाहीत. या अवस्थेत रंधा रेषांच्या दिशेने नव्हे, तर फळीच्या रुंदीत आडवा किंवा कर्णाच्या दिशेने चालवावा. आडवे रंधल्याने जाड थर कमी जोरात निघतो, उलट्या रेषांमुळे खोल तास (लाकूड उचकटून झालेले खळगे) पडत नाहीत, आणि पीळ काढताना फक्त दोन उंच कोपऱ्यांच्या कर्णावर काम करता येते. पलीकडच्या कडेला लाकूड उचकटू नये म्हणून त्या कडेचा कोपरा आधीच तिरपा करून घ्यावा. ही कड पुढे कापली जाणारच असते. दर थोड्या वेळाने पट्ट्या लावून पाहावे. दोन कोपरे खाली येऊन पट्ट्या समांतर दिसू लागल्या की मग संपूर्ण पृष्ठभागावर दोन्ही कर्णांच्या दिशेने आलटून पालटून हलके रंधावे, जेणेकरून कमानदार पात्याच्या चऱ्या सगळीकडे सारख्या खोलीच्या होतील.

त्यानंतर सरळ धारेचे, फक्त कोपरे नावापुरते घासलेले पाते बसवून रेषांच्या दिशेने लांब हात मारावेत. २२ इंची जॉइंटर रंधा असता तर हा टप्पा सोपा झाला असता, कारण लांब तळ खळग्यांवरून पूल होऊन जातो आणि फक्त उंचवटे कापतो. १४ इंची रंध्याने पाच फुटी फळीवर काम होते, मात्र लांब पाइपाची तपासणी अधिक वेळा करावी लागते. सुरुवातीला मधला भाग जाणूनबुजून केसभर खोल करावा, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड छिलका निघेपर्यंत पूर्ण लांबीचे हात मारावेत; रंध्याची स्वाभाविक प्रवृत्ती टोके खाली आणि मध्य वर ठेवण्याची असते, आणि ही युक्ती त्या प्रवृत्तीला आवर घालते. हात सुरू करताना दाब पुढच्या मुठीवर, संपवताना मागच्या मुठीवर असावा.

रेषांची दिशा फळीच्या कडेवर वाचावी. कडेवरच्या रेषा ज्या दिशेला पृष्ठभागाकडे चढत जातात त्या दिशेने रंधा चालवावा. उलट चालवल्यास पात्यापुढे लाकूड फाटत खाली जाते आणि तास निघतात. एका बाजूसाठी दिशा सापडली की दुसऱ्या बाजूची सहसा शोधावी लागत नाही: फळी कुशीवर पालटली तर दिशा उलट होते आणि टोकावरून पालटली तर तीच राहते. गाठीजवळ हा नियम चालत नाही, तेथे दोन्हीकडून गाठीच्या दिशेने हलके हात घ्यावेत. सागवानात हा त्रास माफक असतो. शिसव आणि ऐन यांत थराथराला रेषा उलटतात, आणि तेथे पात्याच्या पाठीवरची पट्टी धारेपासून जेमतेम पाव-अर्धा मिमी अंतरावर आणून, रंध्याचे तोंड अरुंद करून, अगदी पातळ छिलका काढणे, किंवा शेवटी स्क्रॅपरने खरवडणे, हेच उपाय आहेत.

धारेबद्दल एवढेच सांगतो की सागवानात सिलिकाचे कण असतात आणि धार इतर लाकडांपेक्षा लवकर बोथट होते. पाते २५ अंशांवर घासून धार ३० अंशांवर लावावी, आणि छिलक्याऐवजी भुसा पडू लागला किंवा रंधा ढकलताना खांदा वापरावा लागला की थांबून पाते दगडावर न्यावे. एका फळीच्या एका बाजूत दोन-तीनदा धार लावावी लागली तर त्यात नवल नाही.

किती सपाट म्हणजे पुरेसे सपाट, हा प्रश्न नवशिक्यांना छळतो. टेबलाच्या तक्त्यासाठी पाच फुटी पाइपाखाली अर्धा मिमी उजेड दिसला तर चालते. पिळाच्या बाबतीत मात्र मी अधिक कडक असतो, कारण चार फळ्यांचे छोटे छोटे पीळ एकाच दिशेचे असले तर डिंक लावून शिकंज्यात घट्ट केलेला संपूर्ण तक्ता पिळलेला निघतो आणि तो मग पायांच्या चौकटीवर बसत नाही. एकमेकांच्या उलट पिळाच्या फळ्या शेजारी ठेवल्यास चूक काहीशी खपते.

पहिली बाजू झाली की तिच्यावर खूण करावी आणि एक कड गुण्यात आणावी. तक्त्याच्या सांध्यांसाठी शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून, दोन्हींच्या पहिल्या बाजू बाहेर ठेवून, एकत्र शिकंज्यात धराव्यात आणि दोन्ही कडा एकाच वेळी रंधाव्यात. रंधा एखाद्या अंशाने कलला तरी उघडल्यावर दोन्ही कोन एकमेकांना भरून काढतात आणि सांधा सपाट राहतो. नंतर मार्किंग गेजने (ठरावीक अंतरावर रेघ ओढण्याच्या साधनाने) पहिल्या बाजूपासून मोजून चारही कडांवर ३० मिमीची रेघ ओढावी. ही रेघ खोल आणि स्पष्ट असावी, कारण दुसरी बाजू रंधताना नजर तिच्यावरच ठेवायची असते. येथे पट्ट्या व कर्ण तपासण्याची गरज जवळजवळ उरत नाही. चहूकडे रेघेपर्यंत आले आणि मध्ये उंचवटा राहिला नाही की बाजू आपोआप पहिलीला समांतर होते. दुसरी बाजू टेबलाखाली जाणार असेल तर तेथे रंध्याच्या चऱ्या राहिल्या तरी बिघडत नाही, चौकटीवर टेकणारा भाग तेवढा नेमका असावा.

या टप्प्यावर थिकनेसरही खरा उपयोगी पडतो. एक बाजू हाताने सपाट झालेल्या चार फळ्या पुन्हा मिलमध्ये नेऊन, सपाट बाजू खाली ठेवून, एकेका फेरीत एक मिमीपेक्षा अधिक न काढता ३१ मिमीपर्यंत आणल्या तर पुष्कळ घाम वाचतो. मिलमध्ये सरफेस प्लेनर (खालून फिरणाऱ्या पात्यांवरून फळी ढकलून तिची बाजू सपाट करणारे मशीन) असेल तर पहिली बाजूही तेथेच होऊ शकते, पण कारागिराशेजारी उभे राहून फळी खोलगट बाजू खाली करून घालण्यास आणि पिळलेली फळी दोन कोपऱ्यांवर तोलून सुरू करण्यास सांगावे. जोरात दाबून घातलेली फळी तेथेही वाकडीच निघते. सरफेस प्लेनर नसताना केवळ थिकनेसरवर पहिली बाजू करायची तर सरळ, जाड प्लायच्या पाटावर फळी ठेवून, पोकळ जागी पाचरी सारून त्या गरम डिंकाने चिकटवाव्यात आणि पाटासह फळी मशीनमधून काढावी. पाट आणि पाचरी फळीला दबू देत नाहीत, त्यामुळे वरची बाजू पाटाच्या सपाटीप्रमाणे कापली जाते. थिकनेसर दोन्ही टोकांना काही इंच अधिक खोल खातो. तुम्ही लांबी वाढवून ठेवली असेल तर तो भाग नंतर कापून टाकता येतो.

तुमच्या विजेच्या हाती रंध्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. त्याची रुंदी ८२ मिमी आणि तळ आखूड, त्यामुळे तो वाकड्या पृष्ठभागावर वाकडाच चालतो आणि आठ इंची फळीवर पायऱ्या पाडतो. पेन्सिलीने भरलेल्या दोन उंच कोपऱ्यांवरचा जाड थर काढण्यापुरता, अर्ध्या मिमीच्या खोलीवर, त्याचा उपयोग करावा आणि रेघोट्या पुसल्या जाण्याआधीच तो बाजूला ठेवून जॅक प्लेन घ्यावा. कोणत्याही फिरत्या पात्याच्या मशीनवर काम करताना हातमोजे, गळ्यातील उपरणे किंवा सैल बाह्या नसाव्यात, आणि फूटभरापेक्षा आखूड तुकडा सरफेस प्लेनरवर हाताने ढकलू नये. सागवानाच्या बारीक भुशाने काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते आणि कठीण लाकडांचा भुसा दीर्घकाळ श्वासात जाणे कर्करोगाशी जोडलेले आहे, म्हणून मशीनवर व पॉलिशपेपर मारताना चांगला मास्क लावावा.

जुन्या वाड्याच्या किंवा चाळीच्या तुळया-दारांतून निघालेले सागवान वापरणाऱ्यांनी याच पद्धतीने जावे. ते पूर्ण वाळलेले असल्याने ओलाव्याची चिंता कमी, पण खिळ्यांची अधिक. डोके तुटून आत गेलेले खिळे डोळ्यांना दिसत नाहीत. सागवानात लोखंडाभोवती काळा डाग पडतो, तो शोधावा आणि शक्तिशाली चुंबक दोरीला बांधून फळीवरून सावकाश फिरवावा. अशा लाकडाला मिलवाले मशीन लावू देत नाहीत, आणि त्यांचे ते बरोबर आहे.

फळीतून जाडी काढताना दोन्ही बाजूंनी शक्यतो सारखीच काढावी. आतला भाग बाहेरच्यापेक्षा थोडाजरी ओला असला आणि सगळी जाडी एकाच बाजूने काढली, तर ती ओली बाजू उघडी पडून दोन दिवसांत पन्हळ येते. म्हणूनच घाई नसेल तर मी पहिल्या दिवशी दोन्ही बाजू मापापेक्षा दोन मिमी जाड ठेवून ढोबळ रंधतो, फळ्या चार-पाच दिवस ठेवून देतो आणि जे काही हलायचे ते हलून गेल्यावर अंतिम सपाटी करतो. तुमच्या ११ सुती फळ्यांत एवढी चैन परवडणार नाही, तेव्हा निदान एक मिमी तरी राखावा. मधल्या काळात फळी रात्रभर टेबलावर किंवा फरशीवर आडवी पडू देऊ नये. खालच्या बाजूला हवा लागत नाही, वरची बाजू वाळते आणि सकाळी फळी खोलगट झालेली आढळते. ती कडेवर उभी किंवा पट्ट्यांवर ठेवावी. अंतिम सपाटी झाल्यावर डिंकाचे काम लांबवू नये, शक्यतो दुसऱ्याच दिवशी तक्ता जोडावा, आणि तो पायांच्या चौकटीला स्क्रूने बसवताना चौकटीतील भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. अडीच फूट रुंदीचा तक्ता ऋतूंप्रमाणे काही मिलिमीटर फुगणार-आकसणार आहे. पॉलिशचे किंवा तेलाचे जितके हात वर द्याल तितकेच खालीही द्यावेत.